गर्भाशयमुखाची लांबी, टाका आणि माहेरचे बाळंतपण

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबद्दल आणि त्यावरील लसीबद्दल आपल्या वृत्तपत्रात अलीकडे बरेच छापून येते, आणि ते यायलाच हवे. २०२२ या एका वर्षात भारतात सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांना हा कर्करोग झाला आणि ८० हजारांच्या आसपास स्त्रिया त्याने दगावल्या, असा जागतिक कर्करोग नोंदींचा अंदाज आहे. मात्र या लिखाणात गर्भाशयमुखाचा उल्लेख येतो तो केवळ कर्करोगाची एक जागा म्हणून. नऊ महिने गर्भाला आत धरून ठेवणारा आणि वेळ आली की त्याला वाट करून देणारा अवयवही हाच आहे. त्यात काही उणे असेल तर त्याचा परिणाम गरोदरपणावर आणि बाळंतपणावर काय होतो, याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. माझी सारी नोकरी इंदुरातील सरकारी आणि खासगी प्रसूतिगृहांत परिचारिका म्हणून झाली. लेबर रूममध्ये जे पुनःपुन्हा पाहिले, त्यातील काही गोष्टी वाचकांपुढे ठेवाव्यात म्हणून हे पत्र.

गर्भपिशवीचे योनीमार्गात उतरणारे खालचे टोक म्हणजे गर्भाशयमुख. घरात आपण त्याला पिशवीचे तोंड म्हणतो. गरोदरपणाच्या मधल्या काळात त्याची लांबी साधारण ३५ ते ४० मिलिमीटर असते. ते घट्ट मिटलेले असते आणि त्याच्या मार्गात चिकट स्रावाचा बोळा बसलेला असतो, जो खालचे जंतू वर जाऊ देत नाही. दिवस भरत आले की हे तोंड मऊ पडते, आखूड होते आणि कळा सुरू झाल्यावर १० सेंटिमीटरपर्यंत उघडते. हाच क्रम पाचव्या-सहाव्या महिन्यात, आणि तोही कळांवाचून सुरू झाला, तर त्या तोंडात गर्भ पेलण्याचे बळ कमी आहे असे समजावे लागते. अशा बाईला दुखत फारसे नसते. ओटीपोटात जडपणा, कंबर भरून येणे, एरवीपेक्षा अधिक पातळ किंवा शेंबडासारखा स्राव, क्वचित एखादा लालसर डाग, एवढीच काय ती तक्रार. ‘सिस्टर, काहीतरी खाली उतरल्यासारखं वाटतंय,’ असे म्हणत ती स्वतःच्या पायांनी चालत आत येते आणि तपासून पाहावे तर तोंड दोन बोटे उघडलेले असते व पाण्याची पिशवी त्यातून बाहेर आलेली दिसते. सकाळी ही पोळ्या लाटत होती, हे तिच्या घरच्यांना तेव्हा पटत नाही आणि तिचे तिलाही पटत नाही.

गर्भ गेला की मग घरात कारणांचा शोध सुरू होतो. पपई खाल्ली होती का, ग्रहणात बाहेर गेली होती का, त्या खड्ड्यांतून स्कूटरवर मागे बसून राजवाड्याला खरेदीला जायची काय गरज होती, असे प्रश्न मी खाटेशेजारी उभी राहून ऐकलेले आहेत, आणि ज्या बाईला ते विचारले जात होते तिच्या अंगावरचा हिरवा गाऊनही अजून बदललेला नव्हता. जिने चढल्याने, पपईने किंवा ग्रहणाने पिशवीचे तोंड उघडत नाही. खरी कारणे निराळी असतात. काहींमध्ये ते जन्मतःच कमकुवत असते. काहींना आधीच्या बाळंतपणात तेथे खोल चीर गेलेली असते. वारंवार क्युरेटिंग झालेले असू शकते. तोंड पूर्ण उघडल्यानंतर, अगदी शेवटच्या घटकेला करावे लागलेले सिझेरियनसुद्धा त्या भागाला इजा करून जाते आणि पुढच्या खेपेस त्रास देते, ही गोष्ट तर सुशिक्षित घरांतही ठाऊक नसते. पूर्वी तोंडाचा काही भाग कापून काढलेला असणे हे आणखी एक कारण आहे. त्याविषयी पुढे लिहिते. अनेकदा मात्र कोणतेच कारण सापडत नाही, आणि तेव्हा ते सापडले नाही असे सरळ म्हणावे. सुनेला पिंजऱ्यात उभे करू नये.

माझे मुख्य म्हणणे मोजमापाविषयी आहे. पाचव्या महिन्यात बाळाचे अवयव पाहण्यासाठी जी सोनोग्राफी होते, ती आता इंदुरात बहुतेक सर्वच गरोदर स्त्रिया करून घेतात. त्याच वेळी गर्भाशयमुखाची लांबी मोजता येते. ती २५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी भरली, तर अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा धोका वाढलेला असतो आणि त्यावर उपाय करण्यास तेव्हा वेळही हाती असतो. मात्र हे माप पोटावरून घेतलेले असेल तर त्यावर विसंबता येत नाही. पोटावरून पाहण्यासाठी बाईला पाणी पाजून लघवी रोखून धरायला सांगतात, आणि भरलेल्या मूत्राशयाचा दाब पडून आखूड तोंडही लांब दिसते. खरे माप लघवी करून आल्यावर, योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत मिळते. या तपासणीला बायका बिचकतात आणि बरोबर आलेल्या सासवा तर नकोच म्हणतात. बाळाला धक्का लागेल अशी त्यांची भीती असते. ती निराधार आहे, कारण सोनोग्राफीची नळी गर्भाशयमुखाच्या आत जातच नाही. स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या तज्ज्ञगटाने २०१५ साली ही मोजणी सर्व गरोदर स्त्रियांसाठी सुचवली होती. सगळ्यांचीच करावी की धोका असलेल्यांचीच, यावर डॉक्टरांमध्ये अजून दुमत आहे, आणि आपल्याकडच्या गर्दीत प्रत्येकीची करणे सोपे नाही हेही मी जाणते. पण जिचा गर्भ एकदा चौथ्या ते सहाव्या महिन्यात गेला आहे किंवा जिचे आधीचे मूल आठव्या महिन्याच्या आत जन्मले आहे, तिच्या बाबतीत दुमताला जागा नाही. अशा स्त्रीची लांबी १६ व्या आठवड्यापासून २४ व्या आठवड्यापर्यंत साधारण दर पंधरवड्याला पाहिली पाहिजे.

तोंड आखूड निघाले तर काय करतात, हेही वाचकांना माहीत असावे. आधी कधी असा प्रसंग घडलेला नसेल, तर रोज रात्री योनीमार्गात ठेवण्याची प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची गोळी देतात आणि तिने अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे कमी होतात, हे चांगल्या चाचण्यांतून दिसले आहे. आधी गर्भ गेलेला असेल आणि आता तोंडही आखूड होत असेल, तर टाका घालतात. बटव्याची नाडी ओढावी तसा तोंडाभोवती धागा फिरवून तो आवळायचा, असे हे तंत्र आहे. आपण सहज ‘पिशवीला टाका घातला’ म्हणतो. पण तो जगाच्या पाठीवर ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर हे गोव्यात जन्मलेले आणि मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणारे गृहस्थ होते, हे आपल्या नव्या पिढीला कितपत ठाऊक आहे कोण जाणे. त्यांनी १९५५ मध्ये ही शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. सुरुवातीला ते त्याच बाईच्या मांडीतील स्नायूंवरच्या चिवट आवरणाची पट्टी काढून ती तोंडाभोवती गुंडाळत असत. दोनच वर्षांनी, १९५७ मध्ये, मेलबर्नच्या डॉ. मॅकडोनाल्ड यांनी त्याची सोपी आवृत्ती मांडली आणि आज बहुतेक ठिकाणी तीच वापरतात. पूर्वीचा इतिहास स्पष्ट असेल तर टाका १२ ते १४ आठवड्यांच्या सुमारास घालतात, आणि ३६ ते ३७ आठवड्यांच्या दरम्यान, कळा येण्यापूर्वी, तो काढून टाकावा लागतो. काढण्यासाठी बहुतेक वेळा भूलही द्यावी लागत नाही.

हा टाका काढण्याचा भाग आमच्या मराठी घरांत हमखास विसरला जातो, आणि त्याचे कारण आमच्याच रिवाजात आहे. इंदूरच्या मुली पुण्याला, नागपूरला, ठाण्याला दिलेल्या असतात; सातव्यात ओटीभरण आटोपले की त्या पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येतात. बरोबर साड्या येतात, डिंकाच्या लाडवांचे सामान येते, आणि दवाखान्याची फाईल सासरच्या कपाटात राहते. अशीच एक मुलगी एका रात्री कळा देत आमच्याकडे आली. आठवा संपून नववा लागला होता. कळा जोराच्या होत्या, पण तोंड काही केल्या उघडेना, आणि रक्त जरा अधिकच जात होते. तिच्या आईला विचारले तर, ‘पुण्याला काहीतरी छोटंसं ऑपरेशन झालं होतं म्हणे, पण जावईबापू म्हणाले की विशेष नाही.’ डॉक्टरीणबाईंनी दिव्याच्या उजेडात नीट पाहिले, तेव्हा सुजलेल्या तोंडाच्या बाजूला धाग्याची गाठ दिसली. ती कापली आणि पुढे अर्ध्या-पाऊण तासात मुलगी मोकळी झाली. बाळ नीट होते. पण प्रत्येक कळेसरशी धागा ओढला जाऊन तोंडाला एका बाजूने चीर गेली होती. ती शिवावी लागली, आणि पुढच्या खेपेस ही चीरच तिला पुन्हा जोखमीत नेणार हे उघड होते. त्या मुलीला टाक्याची लाज वाटत होती. आधीचा एक गर्भ गेला आहे हे माहेरच्या शेजारीपाजारी कळू नये, असे दोन्ही घरांनी ठरवले होते. डॉक्टरांनाही ते कळू नये असे कोणी ठरवले नव्हते, पण घडले तसेच.

टाक्याचा दुसरा अतिरेकही होतो, आणि तोही सांगितला पाहिजे. जुळे आहे एवढ्याच कारणावरून, किंवा ‘सावधगिरी म्हणून’ टाका घालण्याला वैद्यकीय आधार नाही. टाक्याने जंतुसंसर्ग होऊ शकतो, पाणमोट फुटू शकते. त्याचप्रमाणे टाका घातला की नऊ महिने पलंगावर, हा जो दंडक आपल्याकडे आहे, त्यानेही मूल टिकते असे कोणत्याही अभ्यासात दिसलेले नाही. उलट सतत पडून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्ताच्या गाठी होण्याचा धोका असतो आणि स्नायू गळतात ते वेगळेच. अर्थात सासूने सुनेला जरा आराम दिला, तर त्याला मी कशाला हरकत घेऊ? पण पलंगाच्या पायथ्याखाली विटा ठेवून पाय वर करून निजवणे हा उपचार नव्हे.

आता कर्करोगाच्या तपासणीशी असलेला संबंध. गर्भाशयमुखावर एचपीव्ही या विषाणूमुळे होणारे बदल कर्करोगापर्यंत पोहोचायला सहसा बरीच वर्षे लागतात, आणि त्या मधल्या काळात तो भाग गोठवून, तापवून किंवा विजेच्या तारेच्या वळ्याने कापून काढता येतो. या उपचारांनी प्राण वाचतात. परंतु कापून काढलेला भाग जितका खोल, तितकी पुढे अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाची शक्यता वाढते. एक सेंटिमीटरहून खोल काप गेला असेल तर विशेष. कधी उलटेही घडते, म्हणजे त्या जागी व्रण धरून तोंड कडक होते आणि कळा येऊनही ते उघडायला तयार नसते. पूर्वी हा प्रश्न क्वचित उद्भवे, कारण तपासणीच्या वयापर्यंत बाईची मुले होऊन गेलेली असत. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ही तपासणी ३० ते ६५ या वयात, दर पाच वर्षांनी करायची आहे. आज आमच्या रामबागेत किंवा सुदामानगरात पहिले मूलच तिशीनंतर होते. म्हणजे तपासणी आणि प्रसंगी उपचार, दोन्ही बाळंतपणाच्या आधी येऊ लागले आहेत.

याचा अर्थ उपचार टाळावेत असा कोणी घेऊ नये. उपचार न केलेल्या गंभीर बदलांनी कर्करोगाचे भय तर राहतेच, शिवाय अशा स्त्रियांमध्ये मुळातच अपुऱ्या दिवसांचे प्रमाण थोडे अधिक असते. मात्र तरुण वयातील सौम्य बदल बहुधा आपोआप नाहीसे होतात, त्यांवर लगेच सुरी चालवण्याची आवश्यकता नसते, आणि ‘मला अजून मूल हवे आहे’ हे वाक्य डॉक्टरांपुढे आधी बोलले गेले तर ते उपचाराची पद्धत आणि कापाची खोली त्याप्रमाणे ठरवू शकतात. गरोदरपणात पॅप तपासणी, म्हणजे तोंडावरच्या पेशी पुसून घेऊन केलेली तपासणी, करता येते. गंभीर बदल आढळले तर दुर्बिणीतून पाहून, कर्करोग नाही याची खात्री करून, उपचार बहुतेक वेळा बाळंतपणानंतर करतात. लस मात्र गरोदरपणात देत नाहीत. ९ ते १४ वर्षांच्या मुलींना ती देण्यामागे कर्करोग टाळणे हा हेतू आहेच, पण या कापाकापीचीच वेळ येऊ नये हाही एक लाभ आहे, आणि आता पुण्यातच तयार होणारी लस बाजारात आल्याने ती पूर्वीइतकी आवाक्याबाहेरची राहिलेली नाही.

येथेच ‘तोंडाला जखम आहे’ या निदानाविषयी दोन शब्द. गर्भाशयमुखाच्या आतील लालसर अस्तर बाहेरून दिसू लागणे ही गरोदरपणात आणि तरुण वयात अगदी नेहमीची गोष्ट आहे. त्यातून संबंधानंतर थोडे रक्त येऊ शकते. ती जखम नव्हे, कर्करोग नव्हे, आणि तिच्यामुळे गर्भ पडत नाही. तरीही या नावाखाली तरुण बायकांच्या तोंडाला चटके दिलेले आणि पस्तिशीत पिशव्या काढलेल्या मी पाहिल्या आहेत. तपासणीचा कागद हातात नसताना असा निर्णय मान्य करू नये, दुसऱ्या डॉक्टरांना विचारावे.

अंगावरून पांढरे जाण्याबद्दल तर आमच्या बायका डॉक्टरांशी बोलण्यापेक्षा तांदळाचे धुवण पिणे पसंत करतात. थोडा, बिनवासाचा पांढरा स्राव गरोदरपणात वाढतोच. पण घाण वास, हिरवट-पिवळा रंग, खाज किंवा जळजळ असेल तर ते संसर्गाचे लक्षण आहे, आणि क्लॅमिडिया, गोनोरिया यांसारखे संसर्ग गर्भाशयमुखाला सूज आणून पाणमोट लवकर फुटण्यास व दिवस अपुरे राहण्यास कारण होऊ शकतात. जन्मताना बाळाच्या डोळ्यांनाही ते बाधतात. औषधे साधी आणि स्वस्त आहेत. मात्र नवऱ्यानेही ती घेतली पाहिजेत, अन्यथा महिन्याभरात पुन्हा तेच. नवऱ्याला चिठ्ठी दिली की तो ‘मला काय झालंय?’ म्हणून ती खिशात घालतो, हा अनुभव कोणत्याही परिचारिकेला विचारावा. सहाव्या महिन्यानंतर न दुखता भरपूर रक्त गेले, तर मात्र वार तोंडावर आलेली असू शकते. अशा वेळी सोनोग्राफी होईपर्यंत कोणालाही आतून हाताने तपासू देऊ नये आणि थेट मोठे रुग्णालय गाठावे.

हे सगळे मध्य प्रदेशात लिहावेसे वाटते त्याला कारण आहे. सरकारच्याच नमुना नोंदणीनुसार २०२० साली या राज्याचा बालमृत्युदर हजारी ४३ होता, देशाचा २८. ३७ आठवड्यांपूर्वीचा जन्म हे नवजात बाळे दगावण्याचे एक मोठे कारण आहे. बाळंतपण लांबवता येणार नाही असे दिसले, तरी ३४ आठवड्यांच्या आत आईला डेक्सामेथासोनची इंजेक्शने वेळेवर मिळाली तर बाळाची फुफ्फुसे तग धरतात. हे औषध अगदी स्वस्त आहे, आणि मोठ्या दवाखान्यात धाडण्यापूर्वी त्याचा पहिला डोस गावच्या उपकेंद्रातील एएनएम सिस्टरनेही द्यावा अशी सोय सरकारने २०१४ पासून केलेली आहे. म्हणून खंडवा, खरगोन किंवा देवासकडून निघताना नातेवाइकांनी ‘इंजेक्शन दिले का, किती वाजता दिले’ एवढे कागदावर लिहून मागावे. जन्मलेले इवलेसे बाळ रुग्णवाहिकेतून आणण्यापेक्षा ते पोटात असतानाच आईला आणणे केव्हाही चांगले.

माझ्या मागण्या फार नाहीत. सोनोग्राफी केंद्रांनी पाचव्या महिन्याच्या अहवालात गर्भाशयमुखाची लांबी मिलिमीटरमध्ये लिहावी आणि ती पोटावरून मोजली की खालून, हेही लिहावे. ‘नॉर्मल’ एवढा शब्द पुरेसा नाही. माता-बाल संरक्षण कार्डावर टाक्याची तारीख, तो काढण्याची तारीख आणि पूर्वी गर्भाशयमुखावर झालेली कोणतीही शस्त्रक्रिया पहिल्याच पानावर, लाल शाईने लिहिली जावी. सुरक्षित मातृत्व अभियानाखाली २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गरोदर स्त्रियांची तपासणी विनामूल्य होते. तेथे ‘आधीचे मूल कितव्या महिन्यात गेले आणि कळा आल्या होत्या का’ हे दोन प्रश्न प्रत्येकीला, शक्य तर सासू बाहेर थांबलेली असताना, विचारले जावेत. आपल्या वृत्तपत्रानेही दर महिन्याच्या ८ तारखेला या तपासणीची चौकट छापावी आणि तीत माहेरी येणाऱ्या मुलींनी फाईल बरोबर आणण्याची सूचना द्यावी, अशी विनंती करते.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका
रामबाग, इंदूर